रस्त्यावरचे रोडगे

आमच्या गावाला मोर्चा म्हणजे काय हे माहीत नाही, असं कोणी समजू नये. कोणाची सभा असली की आदल्या दिवशी निरोप येतो, सकाळी वेशीत गाडी लागते, गळ्यात घालायला रुमाल मिळतो आणि परतताना हातात पुरीभाजीचं पाकीट. म्हाताऱ्या बायासुद्धा ठेवणीतली लुगडी नेसून जातात. सभा कशाबद्दल होती हे परत आल्यावर विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही. एकदा तर एकाच आठवड्यात एकमेकांच्या विरोधातल्या दोन मोर्चांना आमची तीच माणसं जाऊन आली, आणि दुसऱ्या मोर्चाची भाजी पातळ होती एवढीच त्यांची तक्रार होती. असं हे मोर्चाला सरावलेलं गाव. त्याच गावाची मेहकरला जाणारी सकाळची बस बंद झाली तेव्हा मात्र सगळ्यांच्या पायांत गोळे आले. त्या गोष्टीचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो गेला पाहिजे असंही मला वाटत नाही.

बस कॉलेजच्या वेळेला मेहकरला पोचवायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. आषाढात नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, वाहून गेला म्हणून ती बंद झाली. ठीक आहे, पाण्यापुढे कोणाचं चालतं. पण पोळ्याच्या आधी रपटा दुरुस्त झाला. त्यावरून ट्रक जाऊ लागले, ट्रॅक्टर जाऊ लागले, मुरमाचे टिप्पर तर रात्रंदिवस. बस काही आली नाही. डेपोत जाऊन विचारलं तर म्हणे, या फेरीला उत्पन्न नाही. सरकारनं बायकांना अर्धं तिकीट केलं तेव्हा आम्ही हरखून गेलो होतो. आता गाडीच नाही म्हटल्यावर अर्धं कशाचं घ्यायचं ते कोणी सांगेना.

गावातल्या पुरुषांना बस बंद झाल्याचा पत्ताही लागला नाही. घरोघरी मोटारसायकली आहेत. खत आणायचं, बाजार करायचा, तालुक्याला चकरा मारायच्या, सगळं त्या दोन चाकांवर होतं. मुलगे एकेका गाडीवर तिघं-तिघं बसून कॉलेजात जातात. उरल्या पोरी. फाटा गावापासून कोसभर, वाटेत दोन्ही बाजूंनी डोक्याइतकी वाढलेली तूर, आणि फाट्यावर गेल्यावरही मिळणार ती माणसं लटकलेली काळी-पिवळी. बापांनी पोरी घरी ठेवल्या. पोरगी घरी ठेवणं हा सगळ्यात बिनखर्चाचा उपाय असतो, म्हणून तो सगळ्यात आधी सुचतो.

माझ्या भिंतीला लागून एक विधवा बाई राहते. नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, तेव्हा तिची मुलगी अंगणात बाहुल्या खेळायची. तेव्हापासून मायलेकी भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, हाताखाली आहेत. खायला-प्यायला तो कमी करत नाही. पण घरातला प्रत्येक निर्णय त्याचा. मुलगी बारावी सायन्सला होती. तिला नर्स व्हायचं होतं, आणि ते ती अशा आवाजात सांगायची की जणू तिची ड्यूटी लागलीसुद्धा आहे. बस बंद झाल्यावर ती कधी कोणाच्या गाडीवर, कधी दुधाच्या टेम्पोत अशी जात राहिली. पुढे पुढे तेही जमेना.

भासऱ्यानं आमच्या ओट्यावर बसून, मला ऐकू जाईल असं माझ्या नवऱ्याला सांगितलं, "तुळशीच्या लग्नापर्यंत पाहू. गाडी आली तं जाईन बाप्पा पोरगी कॉलेजात. नाई तं उजवून टाकू. घरात ठेवून काय लोणचं घालाचं हाये का?"

पोरीला अठरावं सरलं होतं, त्यामुळे कायद्याचीही आडकाठी नव्हती. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे मंडप उभे राहायला लागतात. म्हणजे तिच्याकडे पावसाळ्याचा शेवट आणि दिवाळी एवढाच काय तो वेळ होता.

सोयाबीनची सोंगणी सुरू असताना गावातल्या काही तरुणांनी रस्ता रोको करायचं ठरवलं. देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, फोनवरच्या ग्रुपवर टाकलं, कोणीतरी मूठ आवळलेला हातही टाकला. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. फाट्यावर प्रत्यक्षात गेली ती एका टेम्पोत मावतील एवढी माणसं. ठाणेदारांनी त्यांना दोन शब्द सुनावले, मंडळींनी तिथल्याच टपरीवर चहा घेतला आणि घरी आली. आम्हा बायकांना तर ते झाल्यावर कळलं.

माझं डोकंच फिरलं. मी घरोघर विचारत सुटले. माझ्या नवऱ्याला हे आवडत नाही. "लष्कराच्या भाकऱ्या भाजून राह्यली," म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या तरी कुठं करपल्या, आणि निघाले.

पहिल्या घरचा मुलगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतो. त्याचा बाप म्हणाला, "रस्त्यावर बसलं का केस लागते. एक केस लागली का पोट्ट्याची भरती गेली. मंग तू देशीन का त्याले नोकरी?" गावातली अर्धी तरुण पोरं कुठल्या ना कुठल्या भरतीच्या नादात धावतात, आणि धावता धावता त्यांनी बोलायचं बंद केलंय. कागद कोरा राहावा म्हणून माणूस कोरा राहतो. मला त्या बापाचा राग आला नाही, पण ज्यांनी त्याला एवढं भ्यायला शिकवलं त्यांचा आला.

दुसरा म्हणाला, "भोंगा ज्यायनं लावला ते त्या गटाचे. मी जाऊन बसलो असतो तं उद्या म्हनले असते, आला आमच्याकडं." म्हणजे पोरीची बस कोणत्या गटाची हे आधी ठरायला हवं, मग ती सुरू करायची. तिसऱ्यानं नुसतं बोट दाखवलं. अंगणात त्याची नवी मोटारसायकल उभी होती. मागच्या खोलीत त्याच्या दोन मुली घरी बसून कापूस निवडत होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवायचं त्याला सुचलं नाही.

मग मी मोठीमायकडे गेले. ही गावातली सगळ्यात जुनी बाई, लग्नकार्याच्या रीती तिच्याशिवाय कोणाला धड माहीत नाहीत. तिची नात याच बसनं जायची. मी म्हटलं, "मोठीमाय, तुमच्या घरून कोणी गेलं नाही?"

तिनं पानाला चुना लावला आणि म्हणाली, "आवतन कोनं देल्लं वं? भोंग्यावर तं बकरी हरवली त्याचंही सांगतात."

मी घरी येईपर्यंत हसत होते, आणि घरी आल्यावर कळलं की ती खरं बोलली. आमच्याकडे मयतीला बोलावणं लागत नाही, बाकी सगळ्याला लागतं. सख्खा भाऊ शेजारी राहत असला आणि त्याच्या दारात जाऊन लग्नाचं सांगितलं नाही, तर तो आयुष्यभर ते मनात धरून बसतो. त्यातही पायऱ्या आहेत. कोणाला एका माणसाचं आवतण, कोणाला चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या वेळी त्या घरची चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. पुढाऱ्यांना हे बरोबर कळलंय. म्हणून त्यांची गाडी दारात येते. गावासाठी लढणाऱ्या आमच्या शहाण्यांनी मात्र अंगठे मोजले आणि माणसं आली असं धरून चालले.

म्हटलं, रीतच पाहिजे ना तुम्हाला, तर रीतीनं घ्या. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, माहेरी गेलेल्या बाया परत आल्या. मी, माझी जाऊ आणि मोठीमाय अशा तिघी निघालो. मोठीमायला सामील करून घेणं सोपं गेलं नाही. शेवटी मी म्हटलं, फाट्यावर रोडगे करायचे, त्याची मांडणी तुमच्याशिवाय कोण सांगणार. तेव्हा ती उठली. रोडगे म्हटले की वऱ्हाडातला माणूस उठतोच. जाड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे आणि बसायचं. ते घाईनं होत नाहीत, आणि झाल्याशिवाय तिथून कोणी हलत नाही. मला नेमकं तेच हवं होतं. घोषणा देणाऱ्याला पोलीस पळवून लावतात. रोडगे राखून बसलेल्या बाईला कुठं पळवणार?

कुंकवाचा करंडा घेऊन आम्ही दारोदार गेलो. बाया आत बोलवायच्या, सतरंजी टाकायच्या, कपाळाला कुंकू लावून मोठीमाय सांगायची, "सोमवारी फाट्यावर रोडगे हायेत. चूलबंद आवतन हाये बरं." कुंकू लावून दिलेलं आवतण सासूलाही मोडता येत नाही. तोंडं वाकडी झाली, पण नाही कोणी म्हणालं नाही. मी मनात म्हणत होते, पाहा, ही गंमत.

मग माझ्या शेजारणीचं घर आलं आणि मोठीमाय सरळ पुढच्या घराकडे चालू लागली. तिनं काही ठरवून केलं नाही. पायांनाच सवय. उभा जन्म हळदीकुंकवाची आवतणं देताना ती विधवांची दारं अशीच ओलांडत आली. माझी जाऊही तिच्यामागे गेली.

शेजारीण दारातच उभी होती. आम्ही येताना तिनं पाहिलं होतं. तिनं सतरंजीही टाकून ठेवली होती, मी आत डोकावले तेव्हा दिसली.

मी मोठीमायला हाक मारून थांबवलं. म्हटलं, "जिच्या पोरीचं सगळ्यात जास्त अडलंय, तिचंच दार सोडता?"

"तिले कुकू कसं लावावं?" ती म्हणाली. "तोंडी सांगून दे."

"आणि नुसतं सांगणं म्हणजे आवतण नव्हे, हे तुम्हीच मला सांगितलं."

शेजारीणच मध्ये पडली. "राहू द्या ताई. मी येईनच ना. मले नाई लागत आवतन." ते ती इतक्या सवयीनं म्हणाली की मला रडू यायच्याऐवजी संताप आला. तिचा नाही. माझ्या हातातल्या त्या करंड्याचा आला. सगळ्या गावाला एकत्र आणायला निघालो आणि पहिल्याच गल्लीत आपण माणसं वेगळी काढायला लागलो. हा घोळ फक्त आम्हीच घालू शकतो. बसवाल्यांनी उत्पन्न नाही म्हणून पोरींना वगळलं, आम्ही कुंकू नाही म्हणून आईला वगळत होतो.

करंडा मी तिथंच शेजारणीच्या कोनाड्यात ठेवून दिला. तिला म्हटलं, "मला एक गोवरी दे."

"गवरी?"

"रोडग्यांना लागतील ना. घरटी एक."

ती मागच्या अंगणात गेली आणि रचलेल्या उडव्यातून चांगली वाळलेली, पातळ, गोल गोवरी निवडून घेऊन आली. पदरानं पुसून दिली. कोणी गोवरी पुसतं का? तिनं पुसली. पुढच्या घरापासून आम्ही कुंकू लावायचं सोडलं आणि गोवरी मागायला लागलो. ज्यांना आधी कुंकू लावून झालं होतं त्यांच्याकडेही उलट्या पावली गेलो. मोठीमाय पुटपुटली, पण टोपली तिच्याच डोक्यावर होती. आणि एक गोष्ट मला तेव्हा दिसली. कुंकू लावून घेताना बाया मान खाली घालून ऐकत होत्या. गोवरी द्यायची म्हटल्यावर त्या विचारायला लागल्या. किती वाजता? भाजी कोण करणार? ठाणेदार आले तर? ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांनी शेजारून उसनी आणून दिली. आपली गोवरी जळायला गेली की माणूस मागोमाग येतो.

सोमवारी सकाळी आम्ही फाट्यावर घमेल्यांनी माती टाकली, डांबर वितळू नये म्हणून. रस्ता शेवटी आपलाच. दवाखान्याच्या गाडीपुरती एका बाजूनं वाट ठेवली आणि बाकी रस्त्यावर गोवऱ्यांची आडवी ओळ लावून पेटवून दिली. बाया येत गेल्या. कणीक मळायला बसल्या, वांगी चिरायला बसल्या, एकमेकींच्या सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला बसल्या. शेजारीण मुलीला घेऊन आली. मुलीनं ओढणी कमरेला खोचली, बाह्या वर सारल्या आणि परातीत हात घातला. डोणगावकडून आलेल्या गाड्या एकामागे एक थांबत गेल्या.

ठाणेदार जीपमधून उतरले. "हे काय चाललंय?"

"रोडगे," मोठीमाय म्हणाली. "बसा. होतातच आता."

"आजी, हा रस्ता आहे."

"आमच्या गावाले गाडी येत नाई, तं म्हनलं रिकामाच असन."

ठाणेदारांनी जमादाराला विस्तवावर पाणी मारायला सांगितलं. जमादार इकडचाच. बादली घेऊन तो आरापाशी आला, वाकून पाहिलं आणि तसाच उभा राहिला. भाजत्या रोडग्यांवर पाणी ओतायचं त्याच्या जिवावर आलं. "साहेब, अन्न हाये," एवढंच तो म्हणाला आणि बादली खाली ठेवली. त्या बादलीतलं पाणी आम्ही वरणाला वापरलं.

दुपारी पुरुष आले. वरातीमागून घोडं म्हणतात तसे. आधी लांब उभे राहिले, मग वास सुटल्यावर जवळ आले. त्यांच्या पाठोपाठ एक पुढारी आले, रुमाल आले, माईक आला. पुढाऱ्यांनी भगिनींनो म्हणून सुरुवात केली तेव्हा माझ्या जावेनं त्यांच्यापुढे वांग्यांचं टोपलं सरकवलं आणि विळा दिला. त्यांना वाटलं फोटोसाठी आहे, म्हणून त्यांनी दोन वांगी चिरलीसुद्धा.

डेपोचे साहेब आले. म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून नक्की सुरू करतो. बाया हलल्या नाहीत. साहेब म्हणाले, लिहून देतो. शेजारीण रोडग्यांची राख झटकत होती. ती हळूच म्हणाली, "कागदावर बसून पोरी कशा जातीन? गाडी आना." तेच मग सगळ्या म्हणायला लागल्या. अडकलेल्या ड्रायव्हरांना आम्ही जेवू घातलं, ठाणेदारांना घातलं, डेपोच्या साहेबांनाही घातलं. त्यांनी वरून तेल मागून घेतलं. उन्हं उतरायच्या आत गाडी आली. पोरी धावत जाऊन चढल्या आणि फाट्यापासून गावापर्यंत कोसभर गाडीतून आल्या. त्या दिवशी मला वाटलं की आपण जिंकलो. वाटणारच.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात गाडीला हार घालणाऱ्या पुढाऱ्यांचा फोटो होता. त्यात एकाही बाईचं तोंड नव्हतं. त्याचंही मी काही मनावर घेतलं नसतं. पण फोनवर दुसरे फोटो फिरत होते, आणि त्यांतल्या एकात शेजारणीची मुलगी रस्त्यात बसून, बाह्या वर सारून, हसत कणीक मळत होती.

सकाळी गाडी आली, चौकात वळली, पोरी चढल्या. शेजारणीची मुलगी आली नाही. मला वाटलं उशीर झाला असेल. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मी शेजारी गेले तर भासरा ओसरीवर दाढी करत होता. आरशात पाहत मला म्हणाला, "रस्त्यावर बसून कनीक मळून राह्यली ते साऱ्या तालुक्यानं पाह्यलं. आता कोन करन तिले? एक सोयरीक आली हाये, तेच खूप झालं. कॉलेज राह्यलं."

मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणाला होतात, गाडी आली तर जाईल."

"गाडीचं काय घेऊन बसल्या," तो म्हणाला आणि गालाला साबण लावला.

मी तिथं उभी राहिले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे गाडी ही नुसती सबब होती. रपटा वाहून गेला नसता तर त्याला दुसरं काही सापडलं असतं. आम्ही सगळा रस्ता अडवला, ठाण्याला हलवलं, डेपो हलवला, आणि ज्यानं पोरीची वाट खरी अडवली होती तो ओसरीवर बसून दाढी करत होता. त्याला फाट्यावरचा विस्तव लागलाच नव्हता.

मी पुन्हा घरोघर फिरले. ज्यांनी गोवऱ्या दिल्या त्याच बाया. म्हटलं, चला, चार जणी त्याच्या ओसरीवर जाऊन बसू. एकीला एकदम कापूस वेचायला जायचं आठवलं. एकीनं सासूकडे पाहिलं. एक म्हणाली, घरचा मामला, आपण कसं बोलावं. मोठीमायनं निदान खरं काय ते सांगितलं.

"डेपोवाला आपला कोन लागते? त्याले बोलता येते. भासरा तं घरचा हाये वं. उद्या माह्या नातीच्या लग्नात तोच पंगतीले वाढाले राहीन."

लोक रस्त्यावर का येत नाहीत यावर मी आयुष्यभर लोकांची कारणं ऐकली. केस लागेल, गट वेगळा, सोंगणी आहे, बोलावणं नाही. त्या सगळ्यांपेक्षा हे मोठं निघालं. परक्याच्या विरोधात माणूस एक दिवस बसतो, आणि संध्याकाळी आपल्या माणसांत परत जातो. आपल्या माणसाच्या विरोधात बसला तर संध्याकाळी जायचं कुठं? मला हे समजत नाही असं नाही. समजूनही मला त्या बायांचा राग आला, आणि आजही येतो. त्यांच्याही पोरी त्या गाडीत बसल्या होत्या.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी नेहमीसारखी चौकात आली, पोरी चढल्या, घंटी वाजली. गाडी पुढे जाईना. हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. मी बाहेर येऊन पाहते तर शेजारीण गाडीच्या नाकासमोर उभी होती. हातात काही नाही, डोक्यावर पदर.

कंडक्टर खाली उतरला. "बाई, कुठं जायचं? चढा ना मग."

"मले कुठंच जायचं नाई," ती म्हणाली. "माह्या पोरीले जायचं हाये."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं माझी जाऊ पीठ लागलेल्या हातांनी आली. बाकीच्या बाया आपापल्या दारांत होत्या, कोणी झाडू घेऊन, कोणी लेकरू घेऊन. पुढे कोणी आलं नाही. आत मात्र कोणी गेलं नाही, एवढं मी पाहिलं.

गर्दी झाल्याचं कळलं तसा भासरा बनियनवर बाहेर आला. आमच्याकडे भासरा आणि भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मधे कोणी नसलं तर भिंतीला सांगतात. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तिले म्हना, तमाशा पुरे. घरात जा म्हनावं."

मी तोंड उघडायच्या आत तिनं पदर कानामागे सारला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या घरात आल्यापासून तिनं ते तोंड सरळ पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

"तुमीच म्हनले होते," ती त्याला म्हणाली. "गाडी आली तं जाईन. गाडी आली. धाडा तिले."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. भासऱ्यानं आजूबाजूला पाहिलं, दारांतल्या बायांकडे पाहिलं, जणू त्यांच्यातली कोणीतरी आता हसेल आणि हे सगळं मोडेल. कोणी हसलं नाही. तो आत गेला, आणि दार उघडंच राहिलं. बराच वेळ त्या दारातून कोणी बाहेर आलं नाही. मग मुलगी आली. केस ओले, पायांत चप्पल घालायची राहिली, दप्तर उराशी धरलेलं. ती आईच्या बाजूनं जाऊन गाडीत चढली आणि पोरींनी तिला सरकून जागा दिली.

"आता तरी व्हा बाजूले," ड्रायव्हर म्हणाला.

ती बाजूला झाली. गाडी गेल्यावर तिनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला, आणि उघड्या दाराकडे पाहून, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्या बी मी इथंच हाये."